तामारची राख आणि चौकातले नाटक

नाटकाचा परामर्श घेताना आपण सहसा संहिता, अभिनय, नेपथ्य आणि संगीत अशा क्रमाने जातो. काही नाटकांच्या बाबतीत मात्र ती कोणी केली आणि कोणासमोर केली, हे आधी विचारावे लागते. ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले आणि मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने 1983 पासून गावोगावी नेलेले 'मुलगी झाली हो' हे अशा नाटकांपैकी एक होय. त्याचे प्रयोग हजारांच्या घरात गेले, इतर भारतीय भाषांत त्याची रूपांतरे झाली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी तिकीट काढून नाटक पाहिले नाही अशा असंख्य बायाबापड्यांनी ते चौकात, पटांगणात, वस्तीच्या मोकळ्या जागेत पाहिले. एवढे होऊनही 'प्रचारनाट्य' या एका शब्दात त्याची बोळवण करण्याची सवय आपल्याला आहे. ही बोळवण न्याय्य आहे काय, आणि आपल्या ख्रिस्ती घरांना या नाटकाशी काही देणेघेणे आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार आज करावासा वाटला, याचे कारण आमच्या दाराशीच घडले. खरवई हे बदलापूरच्या पूर्वेचे आमचे ठिकाण. एका बाजूला जुने गावठाण, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीतले कारखाने, आणि अधूनमधून नव्याने उभ्या राहिलेल्या इमारती. पहाटे स्थानकाकडे धावायचे आणि रात्री उशिरा परतायचे, हा इथला नित्यक्रम. शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळावे, एवढीच पुष्कळदा ओळख. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्याच आवारात लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना कित्येक तास पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला संतापलेले लोक रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या अडून राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. 23 सप्टेंबरला, खटल्याचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधीच, आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला.

रुळांवर उभ्या असलेल्या त्या गर्दीचा संताप खोटा होता, असे कोण म्हणेल? लेकीबाळी असलेल्या कोणाचेही रक्त उसळावे असाच तो प्रसंग होता. परंतु फाशीची मागणी करणारी ती गर्दी आठवली, की 'मुलगी झाली हो' पाहायला जमणारी गर्दी मला हटकून आठवते. तीही माणसे रस्त्यावरच जमलेली असतात, विषयही तोच असतो. पण तिथून माणूस घरी परततो तो निराळ्याच मनःस्थितीत. हा निराळेपणा कशात आहे, हे पाहिले तर नाटकाचे खरे मोल हाती येईल असे वाटते.

हे नाटक ज्या काळात जन्मले तो काळ थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. 1972 साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा या नावाने पुढे देशाला ठाऊक झालेल्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, अशी फिर्याद होती. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, आणि तिने आरडाओरडा केला होता हे न्यायालयाला पटले नाही. 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि 1980 मध्ये मुंबईसह ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचाच्या वतीने विवाहित स्त्रियांच्या संशयास्पद मृत्यूंविषयीचे भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरविले. 1983 साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद आली. विवाहितेच्या छळाविरुद्धचे 498 अ हे कलमही त्याच वर्षीचे. आणि 'मुलगी झाली हो' हे नाटकही त्याच वर्षीचे. कायदा स्त्रीचे ओरडणे ऐकावयास नुकता शिकू लागला होता. नाटकाने ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकविण्याचे काम अंगावर घेतले.

आता नाटकाकडे वळू. त्याचे शीर्षकच पाहा. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी; आणि अनेक घरांत काहीच वाटले जात नाही, बातमीच खालच्या आवाजात सांगितली जाते. ती खालच्या आवाजातली बातमी म्हापसेकरांनी दवंडीच्या स्वरात उच्चारली. 'हो' या एका अक्षरात तो सारा पालट आहे. पुढच्या काळाने ही दवंडी किती गरजेची होती हे दाखवून दिले. गर्भलिंगचाचणीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वप्रथम केला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 होते, ते 2001 साली 913 आणि 2011 साली 894 इतके खाली आले. मुलगी झाली, असे म्हणण्याची वेळच पुष्कळ घरांनी येऊ दिली नाही.

नाटकाला एकच एक कथानक नाही. मुलीच्या जन्माची नाराजी, वाढविताना होणारा दुजाभाव, लग्नाचा बाजार, हुंडा, सासरचे जिणे असे स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे गाण्यांतून आणि छोट्या छोट्या प्रसंगांतून पुढे सरकत जातात. नेपथ्याचा बडेजाव नाही. बायांचा एक मेळा उभा राहतो. त्यांतलीच कोणी सासू होते, कोणी नवरा होते आणि काम आटोपताच पुन्हा मेळ्यात मिसळून जाते. करणाऱ्या बहुतेक जणी नोकरी आणि घरकाम सांभाळून आलेल्या संघटनेच्या कार्यकर्त्या. म्हापसेकर स्वतः व्यवसायाने ग्रंथपाल. त्यामुळे अभिनयात सफाई कमी-जास्त असेल. परंतु आपल्यासारखीच एक बाई, जिला उद्या सकाळी डबा करून गाडी पकडायची आहे, ती चारचौघांत उभी राहून हे बोलते आहे, ही गोष्ट बघणाऱ्या बाईच्या मनावर जो परिणाम करते, तो कसलेल्या नटीच्या अभिनयाने झाला नसता.

लोकगीतांच्या चाली आणि लोकनाट्याचा बाज या नाटकात आहे, तो केवळ रंजनासाठी घेतला आहे असे मानणे चुकीचे ठरेल. स्त्रियांची तक्रार मराठीत नवी नाही. जात्यावरच्या ओव्यांत ती आहे, भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची उणीदुणी आहेत. आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती लग्नघरांतही लेक निघताना बायका गातात, तेव्हा त्या गाण्यांत आनंदापेक्षा हुरहूर अधिक असते. समाजाने बाईला रडण्याची, कुरकुरण्याची मुभा दिली. अट एवढीच, की ते पहाटेच्या अंधारात, माजघरात किंवा बायकाबायकांत व्हावे. पुरुषाने ऐकावे असे त्यात काही नव्हते. 'मुलगी झाली हो'ने तेच सूर उचलले आणि ते माजघरातून चौकात आणले. चाल ओळखीची असल्यामुळे ऐकणारा बेसावध असतो. तो मान डोलावू लागतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की हे गाणे आपल्याच घरातले आहे. एकनाथांच्या भारुडाची रीत हीच. लोकांच्या ओळखीच्या सोंगातून त्यांच्या मनात नसलेली गोष्ट सांगायची. म्हापसेकरांचे नाटक त्या परंपरेतले आहे, आणि त्याची वाङ्मयीन प्रतिष्ठा याच नात्याने ठरवावयास हवी.

आणखी एक गुण म्हणजे हसू. इतका दाहक विषय असूनही हे नाटक प्रेक्षकाला हसविते. विनोदाने विषयाचे गांभीर्य उणावते अशी शंका काहींना येईल. मला उलट वाटते. रागावलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवितो. हसणारा माणूस क्षणभर तरी स्वतःकडे पाहतो. हुंड्याचा भाव ठरविणाऱ्या बापाला हसता हसता प्रेक्षकांतल्या एखाद्या बापाला आपली बैठक आठवते. वर ज्या निराळ्या मनःस्थितीचा उल्लेख केला, तिचे मूळ येथे आहे. सुषमा देशपांडे यांनी 1989 पासून केलेल्या 'व्हय, मी सावित्रीबाई' या एकपात्री प्रयोगात हेच काम निराळ्या रीतीने होते. तिथे मेळा नाही. एकच बाई आपल्याशी थेट बोलते आणि शाळेच्या वाटेवर अंगावर पडलेल्या शेणाचिखलाची हकीकत घरच्यासारखी सांगते. शेण फेकणारे कोण होते, याचा विचार मग ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.

दोष सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. 'मुलगी झाली हो'मधील माणसे नमुने आहेत, व्यक्ती नव्हेत. नवरा हा नवऱ्यांचा प्रतिनिधी, सासू ही सासवांची. जे नाटक कोठेही, कोणत्याही उजेडात करावयाचे, त्याला ठळक रेषा लागतात हे खरे; परंतु ठळक रेषेचा एक तोटा असा, की मारणारा नवरा इतका उघड दुष्ट दिसतो की सभ्य नवऱ्याला 'मी काही तसा नाही' म्हणून सुटता येते. प्रत्यक्षात बायकोला मारणारा माणूस पुष्कळदा गोड बोलणारा, मदतीला धावणारा आणि रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसणारा असतो. शिवाय अशा नाटकांतले घर बहुधा बहुसंख्य समाजाच्या चालीरीतींचे असते. त्यामुळे आपल्या समाजातला प्रेक्षक सहज म्हणू शकतो, 'आमच्यात असले काही नाही, आमच्या बायका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या.' हे म्हणणे कितपत खरे आहे, याकडे मी येणारच आहे.

त्याआधी एका दूरच्या प्रयोगाचा उल्लेख करतो, कारण तो कॅथलिक परंपरेच्या देशातला आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये चिली देशातील वालपाराइसो शहरातल्या 'लास तेसिस' या चार स्त्रियांच्या गटाने एक सामूहिक गीतनृत्य रस्त्यावर सादर केले. डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधलेल्या स्त्रिया रांगांत उभ्या राहतात, ठेक्यावर पावले टाकतात आणि एका क्षणी सगळ्या मिळून बोट पुढे रोखतात. ते बोट पोलीस, न्यायाधीश, राज्यसंस्था आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याकडे वळते. 'तुझ्या वाटेवरला मित्र' अशा अर्थाचे एक जुने घोषवाक्य तिथल्या पोलिसांचे होते; त्यातला 'मित्र' काढून गटाने 'बलात्कारी' हा शब्द घातला आणि गीताचे शीर्षक बनविले. काही आठवड्यांत जगभरच्या शहरांत, दिल्लीतही, हा प्रयोग झाला. त्यातील शिस्त आणि धैर्य थक्क करणारे आहे. तरी कलाकृती म्हणून तुलना करावयाची झाल्यास मला 'मुलगी झाली हो' अधिक अवघड काम करते असे वाटते. चिलीच्या गीताचे रोखलेले बोट सत्तेकडे जाते, आणि ते जावयासच हवे. पोलीस ठाण्यात ताटकळलेले बदलापूरचे पालक त्याची साक्ष देतील. मराठी नाटकाचे बोट मात्र वळून आपल्या उंबरठ्याच्या आत येते, आणि तिथे टाळ्या वाजविणे तितके सोपे नसते.

आपल्या पवित्र शास्त्रात याच विषयाचा एक प्रसंग आहे, ज्याची या नाटकाशी गाठ घालून द्यावीशी वाटते. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर डोळा ठेवतो. योनादाब नावाचा चतुर मित्र त्याला आजारपणाचे सोंग शिकवितो. दावीदच तामारला भावाच्या सेवेसाठी धाडतो. ती त्याच्यासमोर पोळ्या करते; तो तिला धरतो. ती विनविते, समजाविते, इस्राएलाची रीत सांगते. तो ऐकत नाही. मग तो तिचा तिटकारा करून तिला घराबाहेर घालवितो आणि मागे दार लावून घेतो.

यानंतर तामार जे करते तिकडे लक्ष द्यावे. ती तोंड लपवून मागच्या दाराने जात नाही. डोक्यावर राख घालते, राजकन्येचा तो लांब झगा फाडते, मस्तकावर हात ठेवते आणि मोठ्याने आक्रोश करीत रस्त्याने निघते. तिच्यापाशी न्यायालय नाही, साक्षीदार नाही. तिने आपले शरीर आणि आपले वस्त्र हीच आपली कैफियत केली. झाकावयास सांगितलेली गोष्ट चारचौघांत, ठरलेल्या खुणांनी, दिसेल अशी मांडणे हेच जर पथनाट्याचे मर्म असेल, तर तामार त्या परंपरेची आद्य स्त्री म्हटली पाहिजे.

आणि तिचे पहिले प्रेक्षक? तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला प्रथम काय सांगतो? गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. त्याचे तिच्यावर प्रेम आहे, तरीही तो तिला घरात घेतो आणि दार लावतो. बाप असलेला दावीद ऐकतो, अतिशय संतापतो, आणि काही करीत नाही. दोन वर्षांनी अबशालोम मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अम्नोनला ठार करवितो. सूड पुरा होतो. तामारचे काय झाले? शास्त्र एवढेच सांगते, की ती आपल्या भावाच्या घरी उदास होऊन राहिली. अबशालोमने पुढे आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले, म्हणजे तो तिला विसरला नव्हता. पण तिचे म्हणणे त्याने एकदाही ऐकून घेतल्याचे दिसत नाही.

ही कथा वाचताना 2024 चे बदलापूर आठवल्यावाचून राहत नाही. आधी 'गप्प राहा', नंतर संताप, शेवटी गोळी. मधली पायरी, म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तिचे शांतपणे आणि पूर्णपणे ऐकून घेण्याची, तीच गळाली. आरोपी मेल्यावर काहींनी पेढे वाटले. त्या पेढ्यांनी कोणत्या शाळेतल्या कोणत्या मुलीला 'मला असे झाले' हे सांगण्याचे बळ आले असेल? सूडाला ऐकण्याची गरज नसते. नाटकाला मात्र ऐकणारा लागतोच, आणि म्हणून चौकातले एक साधे नाटक रुळांवरच्या हजारोंच्या गर्दीला जे साधत नाही ते साधू शकते.

तामारची ही कथा आपल्या रविवारच्या मिस्सातील वाचनांत येत नाही. पुष्कळ भाविकांना ती ठाऊकही नाही. न वाचण्याची ही सवय केवळ ग्रंथापुरती नाही, हे मला एका अनुभवाने कळले, आणि तो येथे सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, जपमाळ घरोघरी फिरत होती. त्या रात्री आमच्या ओळीतल्या एका घरी आम्ही जमलो होतो, आणि जपमाळ सांगण्याचे काम माझ्याकडे होते. दुःखाची रहस्ये चालू होती. भिंतीपलीकडून आधी भांडे पडल्याचा, मग बाईच्या ओरडण्याचा आवाज आला. पलीकडचे घरही आपल्याच लोकांचे. सगळ्यांनी ऐकले, कोणी कोणाकडे पाहिले नाही. मी आवाज चढविला. माझ्यामागून सर्वांनी चढविला. लितानी संपेपर्यंत पलीकडचा आवाज थांबला होता. दुसऱ्या दिवशी ती बाई पदर कपाळापर्यंत ओढून पाणी भरताना दिसली. 'संसारात चालायचेच,' असे कोणीतरी म्हणाले, आणि मीही मान हलविली. काही महिन्यांनी ते कुटुंब खोली सोडून गेले. मरिया माउलीच्या नावाने मी एका बाईचा आवाज झाकला, हे मला त्या रात्री समजले नाही. पुष्कळ पुढे, तामारची कथा वाचताना, अबशालोमच्या तोंडी माझाच आवाज ऐकू आला.

आपल्यात असले काही नाही, असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच थोडे थांबावेसे सांगावे लागते. आपल्या घरांत मार खाणाऱ्या बाईला एक खास आपला उपदेश मिळतो: 'हा तुझा क्रूस आहे, तो वाहा.' प्रभूने आपला क्रूस स्वखुशीने उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर लाकूड ठेवून त्याला क्रूस म्हणण्याचा अधिकार त्याने कोणाला दिला नाही. मुंबईतील कॅथलिक कुटुंबातल्या फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी आपल्या वैवाहिक जीवनातील मारहाणीची हकीकत 1980 च्या दशकात पुस्तकरूपाने स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध केली, तेव्हा तिने अनेक वाचकांना हादरविले. पुढे त्या वकील झाल्या आणि मधुश्री दत्ता यांच्यासह त्यांनी 'मजलिस' ही संस्था उभारली. कायदा आणि कला ही दोन्ही कामे एका छपराखाली असावीत, अशी ती कल्पना होती. ख्रिस्ती स्त्रीला कायद्याची साथही फार उशिरा मिळाली. 1869 च्या घटस्फोट कायद्यान्वये नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. म्हणजे केवळ मारहाण हे कारण पुरेसे नव्हते. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरविला, आणि 2001 साली संसदेने कायदा दुरुस्त केला. म्हणजे 'मुलगी झाली हो'ला 18 वर्षे झाल्यावर.

येथे कोणी म्हणेल, की विवाह हा संस्कार आहे, त्याचे काय? ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्या समजापेक्षा अधिक स्पष्ट आहे. पौलाच्या इफिसकरांस पत्रातील पत्नीच्या अधीनतेचे वचन लग्नात वाचले जाते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या स्त्री-प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात ती अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नाही, असा तिचा अर्थ सांगितला. जोडीदाराच्या जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा 1983 च्या धर्मसंहितेत आहे. भारतीय बिशप परिषदेने 2010 साली स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण जाहीर केले. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या कुटुंबविषयक पत्रात घरातील हिंसा विवाहाच्या स्वरूपाशीच विसंगत आहे असे म्हटले, आणि दुर्बल जोडीदाराला व मुलांना हिंसेपासून वाचविण्यासाठी वेगळे होणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, इथपर्यंत ते गेले. हे सारे छापलेले आहे. परंतु छापलेले पत्र भिंतीपलीकडे पोचत नाही. ते पोचविण्यासाठी आवाज लागतो, चेहरा लागतो. थोडक्यात, नाटक लागते.

आणि नाटक आपल्याला परके नाही. चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात आपण क्रुसाची वाट करतो. अनेक धर्मग्रामांत ती मंडळींकडून साभिनय, रस्त्याने केली जाते. सहाव्या स्थानी वेरोनिका गर्दीतून पुढे होते. आठव्या स्थानी यरुशलेमेच्या स्त्रिया भर रस्त्यात, शिपायांसमक्ष, मोठ्याने शोक करतात, आणि प्रभू थांबून त्यांच्याशी बोलतो. तो त्यांना गप्प राहा म्हणत नाही. याच काळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारी, दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नेची कथा वाचली जाते. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी घेरलेली सुसान्ना मोठ्याने ओरडते, त्यांच्या शब्दावर तिला मरणदंड सुनावला जातो, आणि दानिएल नावाचा एक पोरगा लोकांना परत फिरवून दोघांची जबानी वेगवेगळी घ्यावयास लावतो. प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा अध्याय नाही, आपल्यात आहे. त्याच दिवशीचे शुभवर्तमान बहुतेक वर्षी योहानाच्या आठव्या अध्यायातील असते: व्यभिचारात धरलेली स्त्री, तिच्याभोवती दगड घेतलेले पुरुष, आणि वाकून जमिनीवर लिहिणारा येशू. जमावाचे डोळे त्या स्त्रीवर खिळलेले असतात. प्रभू ते ज्याच्या त्याच्या अंतःकरणाकडे वळवितो. मग दगड खाली पडतात, थोरांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. बघणाऱ्याची नजर त्याच्या स्वतःकडे वळविणे, हेच काम 'मुलगी झाली हो' आपल्या साध्यासुध्या मेळ्याने, ढोलकीच्या ठेक्यावर आणि हसत हसत करू पाहते. या अर्थी त्याला प्रचारनाट्य म्हणावयाचे असेल, तर खुशाल म्हणावे. प्रचार या शब्दाला आपण ख्रिस्ती माणसांनी तरी नाक मुरडू नये.

तेव्हा सुरुवातीच्या दोन प्रश्नांचे माझे उत्तर असे. हे नाटक त्याच्या सर्व ठळक रेषांसह मराठी रंगभूमीच्या इतिहासात मानाने नोंदविले जावे, कारण मराठी बायकांच्या जुन्या गाण्याला त्याने नवा श्रोता मिळवून दिला. आणि आपल्या घरांशी त्याचा संबंध आहे. किंबहुना त्यात आपले घर नाही, हीच त्याची उरलेली उणीव आहे. ती उणीव म्हापसेकरांनी का भरावी? ती आपण भरावी. धर्मग्रामाच्या महिला मंडळाने आणि तरुणांनी तामारची कथा घेऊन आपल्याच बोलीत, आपल्याच लग्नगीतांच्या चालीवर, चर्चच्या पटांगणात एक छोटा खेळ उभा करावा. अबशालोमचे काम करावयास कोणी पुरुष पुढे येईना, तर मी तयार आहे. ते वाक्य मला पाठ आहे.

या वर्षीही ऑक्टोबर येईल, आणि आमच्या ओळीत जपमाळ फिरेल. भिंती पूर्वीइतक्याच पातळ आहेत. पलीकडून पुन्हा तसा आवाज आला, तर मी जपमाळ तिथेच थांबवीन, आणि आम्ही सगळे उठून त्या घराचे दार ठोठावू. उरलेली रहस्ये परत आल्यावर म्हणता येतील.